अक्षरखेळ : कोणाचा खेळ, कोणाचे अक्षर?

दलित साहित्याच्या समीक्षेने आजवर लेखकाचा पुष्कळ विचार केला. त्याचा अनुभव, त्याची भाषा, त्याचा नकार, त्याचा विद्रोह ह्यांवर चर्चासत्रे झाली, ग्रंथ निघाले. वाचकाचा विचार मात्र आपण फारसा केला नाही. वाचक कोठे घडतो, केव्हा घडतो, हा प्रश्न आपण शिक्षणखात्यावर सोपवून मोकळे झालो. वस्तुतः वाचक महाविद्यालयात घडत नाही. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी पुस्तकाशी त्याचे जे नाते जुळते किंवा तुटते, ते पुढे दुरुस्त करायला फार कष्ट पडतात. म्हणून ग्रंथालयात अगदी लहान मुलांसाठी चालणारी गाणी, गोष्टी, चित्रे आणि टाळ्यांचे खेळ हा समीक्षेचा विषय आहे, असे माझे म्हणणे आहे. ज्या साहित्यचळवळीने भाषा, प्रतिमा आणि संस्कृती ह्यांची जात ओळखायला शिकवले, तिने हा विषय बालमानसशास्त्राचा म्हणून बाजूला ठेवू नये.

आपल्याकडच्या काही ग्रंथालयांत आता असे तास भरतात. मुलांना सतरंजीवर बसवतात, मोठ्याने गोष्ट वाचतात, चित्रे रंगवून घेतात. हे चांगलेच आहे. जिथे कपाटाला कुलूप आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ एवढेच होते, तिथे मुलांचा गलबला ऐकू येणे ही प्रगती आहे. पण खेळ निरागस असतो, खेळाला जात नसते, ही जी समजूत ह्या उपक्रमांच्या मुळाशी आहे, ती मात्र तपासून घेतली पाहिजे.

१

प्रथम स्पर्शाचा प्रश्न घेऊ. लहान मूल पुस्तक वाचत नाही. ते पुस्तक धरते, उलटेसुलटे करते, चावते, पान फाडते. वाचनाचा आरंभ हाताने होतो. पुस्तकाला पुढची बाजू असते, पान एका दिशेने उलटायचे असते, चित्राशेजारच्या काळ्या खुणांतून बोलणे निघते, ह्या गोष्टी मुलाला कोणी व्याख्यानाने शिकवत नाही. ज्या घरात पुस्तके लोळत असतात, तिथे त्या आपोआप कळतात. ज्या घरात पुस्तक नाही, तिथे ही उणीव ग्रंथालयाने भरून काढावी अशी अपेक्षा असते.

आपल्यासाठी मात्र स्पर्श ही साधी गोष्ट कधीच नव्हती. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आपल्या शाळेची आठवण नोंदवली आहे. वर्गात बसायला त्यांच्यासाठी वेगळा तरटाचा तुकडा होता. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे, म्हणून तो तुकडा रोज घरी न्यावा आणि दुसऱ्या दिवशी परत आणावा लागे. ज्या मुलाच्या बसण्याचे तरटसुद्धा विटाळ मानले गेले, त्याच मुलाने पुढे ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधले. ह्या दोन टोकांमधले अंतर त्यांनी असामान्य बुद्धीच्या आणि कष्टाच्या बळावर कापले. पण प्रत्येक मुलाने असामान्य असावे, अशी अट घालणारी व्यवस्था न्याय्य कशी? सामान्य बुद्धीच्या मुलालाही पुस्तक सहज हाती यावे, ह्यासाठीच तर सार्वजनिक ग्रंथालय असते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले, अनुदाने सुरू झाली. तरी कित्येक ठिकाणी मी पाहिले आहे की, बालविभाग म्हणजे काचेचे एक कपाट असते आणि त्याची किल्ली ग्रंथपालाच्या खिशात असते. पुस्तक फाटेल, हिशेब द्यावा लागेल, ही ग्रंथपालाची भीती मला समजते. पण कोणाच्या हातून पुस्तक फाटेल, हे आधीच ठरवलेले असते. वर्गणीदारांची मुले कपाट उघडवून घेतात. वस्तीतली मुले काचेतून पाहतात. चवदार तळ्याच्या काठावर १९२७ साली जो प्रश्न उभा राहिला, त्याचेच हे छोटे रूप आहे. वस्तू सार्वजनिक आहे, पण हात लावण्याचा अधिकार सार्वजनिक नाही.

२

दुसरा प्रश्न खेळाच्या आशयाचा. खेळातून अक्षराकडे नेण्याची कल्पना शास्त्रीय दृष्ट्या भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेतल्या ग्रंथालयसंघटनांनी २०११ साली आपल्या बालकार्यक्रमाची फेरमांडणी केली, तेव्हा पालकांसाठी पाच साध्या कृती सांगितल्या : मुलांशी बोलणे, गाणे, वाचणे, लिहिणे आणि खेळणे. ह्यामागचा विचार असा की, लिपी ओळखण्याआधी मुलाच्या कानाला शब्दांचे तुकडे ऐकू यावे लागतात. यमक जुळवणे, शब्दाला टाळ्या देणे, एकाच ध्वनीने सुरू होणारे शब्द शोधणे, ह्यांतून कान तयार होतो.

मराठीत ह्या खेळाची गंमतही आहे आणि अडचणही. ‘माती’ म्हणताना दोन टाळ्या पडतात आणि लिहिताना अक्षरेही दोनच येतात. ‘हंडा’चेही तसेच. पण ‘घर’ म्हणताना एकच टाळी पडते आणि कागदावर अक्षरे दोन दिसतात, कारण शेवटचा ‘अ’ आपण उच्चारीत नाही. म्हणून शहाण्या शिक्षिका आधी ‘माती’, ‘काडी’, ‘नदी’ असे शब्द घेतात आणि ‘घर’ मागाहून आणतात. एवढ्याशा क्रमाने मुलाचा गोंधळ वाचतो. खेळ म्हणजे नुसती करमणूक नव्हे. त्यात असे शास्त्र असते.

मग गफलत कोठे होते? एका शहरातल्या ग्रंथालयाच्या अशा तासाला मी एका रविवारी बसलो होतो. ग्रंथालयाचे नाव सांगण्याची गरज नाही. शेजारच्या वस्तीतली सात-आठ मुले आली होती. शिकवणारी तरुणी मनापासून, एक पैसा न घेता वेळ देणारी होती. तिने हंड्याचे चित्र दाखवून विचारले, “ह्यात काय असतं?” पाचेक वर्षांची एक मुलगी चटकन म्हणाली, “पानी.” ताई हसून म्हणाल्या, “पानी नाही बाळा, पाणी. म्हण बघू, पा-णी.” मुलीने पुन्हा ‘पानी’च म्हटले. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतली मुले हसली. त्यानंतर तासभर ती मुलगी काही बोलली नाही. टाळ्यांच्या खेळात तिचे हात मांडीवरच राहिले.

बाहेर पडताना मी तिला सहज विचारले, “तुमच्याकडं पानी कुठून येतं गं?” ती थांबली आणि सांगू लागली, “टँकर येतो काका. आई दोन हंडे लावती, मी कळशी लावती. आमचा एक हंडा गळतो. मग आजी त्याला साबण लावती. तरी पन गळतो.” हात फिरवून तिने भोक कोठे आहे तेही दाखवले. मघाच्या तासाला जिने एका शब्दापलीकडे काही सांगितले नाही, तिने दारात उभ्या उभ्या अख्खी गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत क्रम होता, कारण होते, पात्रे होती, फसलेला उपायसुद्धा होता. वाचनपूर्व तयारी म्हणून ग्रंथालय जे शोधत होते, ते सर्व तिच्याजवळ होते. ग्रंथालयाने तिच्याकडून फक्त एक ‘ण’ मागितला, तो तिच्याजवळ नव्हता, आणि बाकीचे सारे वाया गेले.

ताईंचा हेतू वाईट नव्हता, म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे आहे. ज्या भाषेला शुद्ध म्हणतात ती एका समाजगटाची घरची बोली असते, हे दलित साहित्याने ठणकावून सांगितले. तरी पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आपण ते विसरतो. मोठ्या लेखकाची बोली आपण कादंबरीत गौरवतो आणि मुलीच्या तोंडातली तीच बोली चूक म्हणून खोडतो. ह्या वयात तोंड मिटले की कानही मिटतो, आणि कान मिटला की अक्षर आत जायला वाट उरत नाही.

चित्रांचे आणि तक्त्यांचेही असेच आहे. आमच्या पिढीने ‘ग’ गणपतीचा, ‘भ’ भटजीचा, ‘ऋ’ ऋषीचा, ‘य’ यज्ञाचा अशा अंकलिप्या पाहिल्या. अक्षर शिकता शिकता वर्णव्यवस्थेची चित्रे पाठ होत होती. आता पुष्कळ तक्ते बदलले आहेत; त्याबद्दल बदलणाऱ्यांचे ऋण मानावे. पण गोष्टींच्या पुस्तकांतले घर अजून फारसे बदललेले दिसत नाही. तिथल्या आजीला दुपारची विश्रांती असते, मामाचा वाडा असतो, घरात मुलाची वेगळी खोली असते. वीटभट्टीवरची आजी, ऊसतोडीला गेलेले आईबाप, सकाळी सहाला शहर झाडायला निघालेली आई पुस्तकात आलीच तर दया दाखवण्यासाठी येते. मग वस्तीतले मूल पुस्तकातून एकच गोष्ट शिकते : हे आपल्याविषयी नाही.

३

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ग्रंथालयशाखेत १९३७ साली ऑगस्टा बेकर ही कृष्णवर्णीय ग्रंथपाल बालविभागात कामाला लागली. तिने पाहिले की, कृष्णवर्णीय मुले गोष्टी ऐकायला येतात, पण पुस्तकांत त्यांच्यासारखे कोणी नसते. असलेच तर ते विदूषक किंवा नोकर म्हणून, मोडक्या बोलीची टिंगल करण्यासाठी आणलेले. बेकर बाईंनी दोन कामे सुरू केली. एक, गोष्टी सांगणे. त्या पुढे कथाकथनासाठी विख्यात झाल्या. दोन, पुस्तके पारखणे. १९३९ पासून त्यांनी कृष्णवर्णीय जीवनाचे प्रामाणिक चित्रण करणाऱ्या बालपुस्तकांचा वेगळा संग्रह उभारला आणि त्यासाठी भाषा, आशय आणि चित्रे ह्या तीन कसोट्या लावल्या. त्या पुस्तकांची यादी छापून निघाली, प्रकाशकांच्या हाती गेली. १९६१ साली त्या शहराच्या सबंध ग्रंथालयव्यवस्थेतील बालसेवेच्या प्रमुख झाल्या. मुलांना खेळवणे आणि पुस्तकांची समीक्षा करणे ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते.

ह्या कामाची गरज किती होती, हे नॅन्सी लॅरिक ह्यांच्या १९६५ सालच्या लेखावरून कळते. पाळणाशाळेतल्या पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने चित्रे पाहून विचारले होते की, ह्यातली मुले नेहमी गोरीच का असतात? लॅरिक ह्यांनी तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांचा हिशेब मांडला. त्यांपैकी अवघ्या ३४९ पुस्तकांत एखादे तरी कृष्णवर्णीय माणूस होते. मराठी बालसाहित्याचा असा हिशेब आपल्या विद्यार्थ्यांनी मांडायला हवा. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा.

आपल्याकडेही एक मोठा प्रयोग झाला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अस्पृश्य वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ह्या शब्दामागे हा इतिहास आहे. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले; गुरे राखणाऱ्या मुलांमागे शाळा कुरणात गेली. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, पाने, शिंपले आले. मूल येत नाही म्हणून मुलाला दोष न देता संस्थेनेच जागा बदलावी, हा विचार आजच्या कोणत्याही ग्रंथालयाने घ्यावा असाच आहे.

पण समीक्षकाने येथेही थांबू नये. अंगणात गेलेल्या संस्थेने अंगणातली गाणी किती घेतली? स्वच्छता आणि संस्कार वस्तीला द्यायचे, ही देणाऱ्याची भूमिका त्या काळच्या साऱ्याच सेवाकार्यात होती. वस्तीकडून काही घ्यायचेही असते, ही जाणीव त्यात कमी होती. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. आहार आला, लसीकरण आले. खेळाच्या पेटीत मात्र वस्तीचा आवाज येतोच असे नाही.

वस्तीजवळ द्यायला काय आहे? पुष्कळ आहे. जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांच्या पुढाकाराने अशा लाखभर ओव्या नोंदल्या गेल्या आणि त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. उखाणे, हुमाणे, पाळणे, वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली भीमगीते आहेत. वस्तीतले तीन वर्षांचे पोर जयंतीच्या मंडपात ठेक्यावर टाळी देते, यमक येण्याआधीच ओळखते. ग्रंथालयातली तज्ज्ञ मंडळी ज्याला ध्वनींची जाण म्हणतात, ती ह्या पोराला आहेच. ती ओळखणारा माणूस ग्रंथालयात नाही.

४

आता आपल्याच लोकांचा आक्षेप. वस्तीतले आईबाप आणि आपले काही कार्यकर्ते म्हणतात, “त्यांच्या पोरांना वाचायला शिकवतात आणि आमच्या पोरांना फुगे देतात. आमच्या पोरांना खेळ घरी पुष्कळ आहे, अक्षर द्या.” हा आक्षेप मी हलका मानत नाही. मुक्ता साळवे ह्या मांग समाजातल्या मुलीने सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकून वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिच्याविषयी चळवळीत एक आठवण तोंडोतोंडी चालत आली आहे की, बक्षीस म्हणून खाऊ पुढे आला तेव्हा तिने खाऊ नको, ग्रंथालय द्या, असे सांगितले. ही आठवण आपण इतक्या मायेने जपली, ह्यातच आपल्या समाजाची भूक दिसते. खाऊवर बोळवण होण्याची भीती आपल्याला फार जुनी आहे.

लिसा डेल्पिट ह्या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८८ साली हाच मुद्दा अमेरिकेत मांडला. मोकळ्या, खेळकर पद्धतीत सत्तेच्या भाषेचे नियम स्पष्ट सांगितले जात नाहीत. सुस्थितीतल्या घरची मुले ते घरून घेऊन येतात. बाकीची अंधारात राहतात. हे आपल्यालाही लागू आहे. खेळ अक्षरापर्यंत पोहोचला नाही, तर तो फसवणूक ठरेल. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० साली पायाभूत साक्षरतेला अग्रक्रम दिला. २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे २०२६-२७ चे उद्दिष्ट ठरले. हे उद्दिष्ट वस्तीत पुरे होते की नाही, ह्याचा जाब चळवळीने विचारलाच पाहिजे.

पण म्हणून खेळ टाकून छडी घ्यायची काय? न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर ह्यांच्या ‘टीचर’ (१९६३) ह्या पुस्तकात एक वाट सापडते. परक्या घरांची छापील वाचनमाला त्या मुलांना लागू पडत नाही, हे त्यांनी ओळखले. रोज प्रत्येक मुलाला त्या विचारीत, आज तुला कोणता शब्द हवा? मूल आपल्या मनातला शब्द सांगे. भीतीचा, मायेचा, घरातल्या माणसाचा. बाई तो जाड कार्डावर लिहून मुलाच्या हाती देत. मूल तो बोटाने गिरवी, घेऊन फिरे. हा शब्द मुलाचा स्वतःचा असल्यामुळे तो विसरत नसे. येथे खेळ आहे, स्पर्श आहे आणि अक्षरही आहे. काहीच पुढे ढकललेले नाही.

त्या रविवारच्या मुलीला ‘हंडा गळतो’ एवढे दोन शब्द कार्डावर मिळाले असते, तर ते तिचे पहिले वाचन झाले असते. आजीचा साबण दुसऱ्या कार्डावर आला असता. चार कार्डे दोऱ्याने ओवली की पुस्तक झाले. वर तिचे नाव घातले की लेखिका झाली. आणि ‘पाणी’? तेही तिला मिळालेच पाहिजे. ‘घरी पानी म्हणतात, पुस्तकात पाणी लिहितात, तुला दोन्ही आले पाहिजेत’ असे सातव्या वर्षी तिला सरळ सांगावे. मुलांना हे कळते. प्रमाणभाषा हा तिचा हक्क आहे. तो हक्क शिक्षेच्या रूपाने तिच्यापुढे आला, एवढीच माझी तक्रार आहे.

५

शेवटी खेळाविषयी एक सांगायचे आहे. लपंडावात ज्याच्यावर डाव येतो, त्याच्यावर ‘राज्य’ आले असे मुले म्हणतात. डोळे मिटून उभे राहण्याची पाळी त्याची. पण कोणी सापडले की राज्य दुसऱ्यावर जाते. एकाच पोरावर दिवसभर राज्य ठेवले, तर तो “हे चिडीचं आहे” म्हणून खेळ मोडून निघून जातो, आणि बाकीची मुलेही ते मान्य करतात. जातिव्यवस्थेने हजारो वर्षे त्याच माणसांवर राज्य ठेवले आणि त्याला धर्म म्हटले. मुलांच्या खेळात जन्मावरून काही ठरत नाही. आज जो डॉक्टर, तो उद्या ड्रायव्हर, परवा वाघ. म्हणून आपल्या मुलांना खेळ हवा. समतेचा पहिला अनुभव त्यांना तिथे मिळतो. तो अनुभव पुस्तकाशेजारी मिळाला, तर पुस्तक त्यांना आपले वाटेल.

ह्यासाठी कोणाची वाट पाहण्याची गरज नाही. गावोगावच्या बुद्धविहारांत आणि आंबेडकर वाचनालयांत आठवड्यातून एक तास काढता येईल. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची कार्डे होतील. एका आजीला ओव्या म्हणायला बोलवावे, तिची ओवी फळ्यावर लिहावी आणि तिच्या नातवाने त्यात स्वतःच्या नावाचे अक्षर शोधावे. पुस्तके खालच्या फळीवर, मुलांच्या हाताला येतील अशी ठेवावीत. फाटली तर खळीने चिकटवावीत. ते चिकटवणेही मुलांनाच शिकवावे. शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या मुलांनी सांगितलेल्या गोष्टी लिहून ठेवाव्यात. अशा गोष्टींसाठी आपल्या नियतकालिकांनी दोन पाने राखून ठेवायला हरकत नाही.

ती मुलगी पुढच्या रविवारी त्या ग्रंथालयात आली नाही. मी वस्तीत जाऊन चौकशी केली, तेव्हा ती टँकरच्या रांगेत हंडा सांभाळत उभी होती. टँकर यायला अवकाश होता. रांगेतली चार-पाच पोरे तिच्याभोवती बसली होती आणि ती त्यांना काहीतरी सांगत होती.